ओळंब्याच्या घरचं कुंपण

कुंपणवाल्याला सगळे ओळंबा म्हणत. भिंत सरळ आहे की नाही हे बघायला गवंडी दोरीला जे वजन टांगतो, त्याचं हे नाव. त्याला त्याचं वाईट वाटत नसे. उलट कुणी खऱ्या नावाने हाक मारली, तर तो आधी मागे वळून दुसरं कोण आलंय ते बघे.

त्याचं काम म्हणजे हाताने लोखंडी खांब ठोकायचे आणि तार ओढायची. खांब ठोकायला त्याच्याकडे ठोक्या होता: एका तोंडाने बंद केलेला जाड लोखंडी पाइप, दोन्ही बाजूंना मुठी. तो खांबावर टोपीसारखा चढवायचा, उचलायचा आणि सोडायचा. दोन ठोके झाले की थांबून दोन्ही बाजूंनी नजर टाकायची, मगच पुढचे ठोके. आधी टोकाचे दोन खांब, त्यांच्यात ताणलेली दोरी, मग मधले खांब. आणि मधला खांब दोरीला टेकू द्यायचा नाही. टेकलेला खांब दोरीला ढकलतो, दोरी पुढच्या खांबाला फसवते आणि शेवटी कुंपणाला पोट सुटतं. हे तो इतक्या गंभीरपणे सांगे, की ऐकणारा नकळत आपलं पोट आत ओढून घेई.

हद्दीच्या बाबतीत तर त्याने बापाचीही भीड ठेवली नसती. डॉक्टरांच्या बंगल्याची ओळीत आलेली पायरी त्याने फोडायला लावली होती. सख्ख्या मेव्हण्याची पाण्याची टाकी हलवायला लावली होती. मेव्हणा तेव्हापासून घरी गेलं की नुसतं पाणी देतो, चहाचं नाव काढत नाही.

अशा माणसाच्या स्वतःच्या परसाला मात्र कुंपण नव्हतं. दिव्याखाली अंधार, असं त्याची बायको येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवी. मागच्या अंगणाला लागून शिंपीणबाईंचं अंगण होतं, आणि शिंपीणबाईंच्या दोन शेळ्यांना ही हद्दबिद्द मान्य नव्हती. त्या मेथीच्या वाफ्यात यायच्या, जेवायच्या आणि घरच्यासारख्या निघून जायच्या. शिंपीणबाई बिचाऱ्या लाजून चूर व्हायच्या. "तुमच्या मालकांना सांगा ना, एकदा कुंपण घाला म्हणून," त्याच म्हणायच्या.

"सांगते की. पण ते झाड आडवं येतं ना."

झाड अंजिराचं होतं. नवीन घरात आल्यावर बायकोने माहेरून आणलेली फांदी खोचली होती, तेव्हा हद्द कुणी बघितली होती? फांदीचं झाड झालं ते बरोबर ओळीवर. ओळंब्याने एकदा हद्दीच्या दगडामागे उभं राहून एक डोळा मिटला आणि सांगितलं, "कुंपण घालायचं तर झाड जाणार. झाड ठेवायचं तर कुंपण नाही."

"जरा वळवून घ्या की."

"वळवून?" त्याने असं विचारलं, जणू बायकोने दूध पातळ करून विकायला सांगितलं होतं.

मग तो विषय तिथेच पडून राहिला. त्या वर्षी मात्र शेळ्यांना पिल्लं झाली, आणि एका सकाळी वाफ्यात मेथीचं देठसुद्धा उरलं नाही. बायको सरळ मशीनवाल्याकडे जाऊन भाव विचारून आली. मशीनवाला म्हणजे ओळंब्याच्याच हाताखाली शिकलेला. आता इंजिनाच्या यंत्राने धडधड खांब ठोकतो. गुरूच्या घराचं कुंपण त्याने घालायचं म्हणजे ओळंब्याला तोंड दाखवायला जागा उरली नसती. जेवताना त्याने मान खाली घालूनच सांगितलं, "सुट्टीच्या दिवशी मी घालतो. झाडाचं काय ते तू ठरव."

तिने ठरवलं. म्हणजे दोघींनी ठरवलं. तो कामावर गेल्यावर शिंपीणबाई पहार घेऊन आल्या. "माझी जमीन, मी हातभर देतेय. आपल्याला कोण विचारणार?" त्या म्हणाल्या. मागच्या कोपऱ्यातला हद्दीचा दगड दोघींनी उकरला, लोटला, आणि शिंपीणबाईंच्या बाजूला हातभर आत नेऊन पुरला. दोघींचे पदर मातीने भरले. मध्येच शिंपीणबाईंना हसू फुटलं, मग हिलाही, आणि दगड पायावर पडता पडता राहिला. आता पुढच्या कोपऱ्यापासून ओळ धरली की अंजीर अख्खं आपल्या अंगणात. अंजिरं काय, कुंपणावरून देता येतात.

सुट्टीच्या दिवशी ओळंब्याने बायकोलाच हाताशी घेतलं. मागच्या दगडाशी दोरीचं टोक धरून तिला बसवलं आणि तो पुढच्या कोपऱ्यावर गेला. तिकडून त्याने नजर लावली. बराच वेळ लावली. मग ठोक्या खाली ठेवून तो चालत चालत दगडापाशी आला. बायकोने दोरीचं टोक इतकं घट्ट धरलं की बोटं पांढरी पडली. दगडाभोवतीची माती ओली आणि भुसभुशीत होती; तिच्यात शिंपीणबाईंच्या पायाचा अंगठाही उमटला होता. ओळंबा ते बघत उभा राहिला. मग त्याने बुटाने ती माती चारी बाजूंनी दाबली, जशी खांबाच्या बुडाशी दाबतात तशी, आणि म्हणाला, "धर नीट. ताण."

दिवसभर ठोके पडत राहिले. तिसऱ्या खांबाला खाली दगड लागला तेव्हा ठोक्याचा आवाज बदलला. त्याने खांब उपटून, दगड काढून, पुन्हा ठोकला. तार ओढून झाल्यावर कुंपण असं सरळ उभं राहिलं की शेळ्याही लांबूनच बघत राहिल्या. अंजीर आत होतं. बायकोला वाटलं, सुटलो.

पण सरळ रेषासुद्धा तिरकी असू शकते, हे तिच्या डोक्यात आलं नव्हतं. घराच्या दुसऱ्या बाजूला गल्लीची भिंत होती; तिच्यापासून कुंपण पुढे जेवढं लांब, त्यापेक्षा मागे हातभर जास्त. मशीनवाला एकदा सायकलवरून जाताना थांबला, दोनदा वाकून बघितलं आणि म्हणाला, "काका, अहो हे भलतीकडेच गेलंय. डोळे गेले की काय?"

ओळंबा तार गुंडाळत होता. "वय झालं," एवढंच म्हणाला.

झालं. चहाच्या टपरीवर ती गोष्ट दोन दिवस पुरली. ओळंबा तिरका झाला म्हणे. डॉक्टर येता जाता आपल्या पायरीच्या जागेकडे बघून उसासा टाकू लागले. मेव्हणा मुद्दाम वाट वाकडी करून कुंपण बघायला आला आणि इतका खूश झाला की त्याने स्वतःहून चहा मागितला. शाळेच्या मैदानाचं काम ओळंब्याला मिळणार होतं. तिथून निरोप आला की जरा थांबा, विचार करतो.

बायकोला जेवण जाईना. एका झाडापायी तिने माणसाचं नाव घालवलं होतं. खरं सांगावं तर शिंपीणबाईही अडकणार, आणि तो तर सगळे खांब उपटायला कमी करणार नाही. अनेकदा ती ओठांपर्यंत आलेलं गिळून बसली. शेवटी तिने निदान चष्मा तरी होऊ दे म्हणून त्याला बळेच बाजारात नेलं. चष्मा लागला तर लोक तरी म्हणतील, दोष नजरेचा होता, आता ठीक आहे.

चष्मेवाल्याने त्याला खुर्चीत बसवलं, एक डोळा झाकला आणि समोरचा तक्ता वाचायला सांगितला. त्याने वरच्या ओळी वाचल्या, मधल्या वाचल्या, सगळ्यात खालची बारीक ओळ वाचली. मग म्हणाला, "तक्ता डावीकडे झुकलाय. वरचा खिळा बदला."

चष्मेवाला उठून जवळ गेला, तक्त्याला पट्टी लावली आणि परत येऊन बसला. "काकू," तो म्हणाला, "यांना चष्म्याची काहीच गरज नाही. तुम्हाला हवा असेल तर बघतो."

घरी येताना दोघं बाजारातून चालत होती. तिच्या डोळ्यांसमोर सारखी ती ओली माती येत होती, आणि तिच्यावर चारी बाजूंनी दाबत गेलेला बूट. कोपऱ्यावरचं वळण आलं तेव्हा तिला राहवेना.

"तुम्हाला तेव्हाच दिसलं होतं."

"दगड का? पुढच्या कोपऱ्यावरूनच दिसला."

"मग बोलला का नाहीत? लोक तुम्हाला काय काय म्हणतायत. मी उद्या जाऊन सगळ्यांना सांगते."

"काही नको. अंजिरं मागायला येतील." त्याने वाटेतला एक दगड बुटाने कडेला सारला. मग म्हणाला, "दोरी थरथरत होती. तुझं टोक. इतक्या वर्षांत इतकी थरथरणारी दोरी मी बघितली नव्हती. म्हटलं, आता बोललो तर ही सोडून देईल."

तिने पिशवी या हातातून त्या हातात घेतली. त्याने ती तिच्याकडून काढून घेतली आणि दोघं घराकडे वळली.