पुढच्या काचेजवळची जागा

लेखनाचा सराव नसताना, उतारवयात, एका अनोळखी बाईंविषयी लिहिण्याचे धाडस करतो आहे. वाचकांनी क्षमा करावी.

त्या वर्षी आमच्या जिल्ह्यातले पालीचे धरण आटले होते. पाटोद्याकडील एका महिला दूध संस्थेने तरीही दक्षिण भारत पाहण्यासाठी खासगी व्हॅन ठरवली आणि रिकाम्या जागांवर मला व माझ्या एका निवृत्त सहकाऱ्यांना घेतले. चालकाशेजारी संस्थेच्या अध्यक्षबाई बसल्या होत्या. पदर खोचलेला, मान ताठ. नाव विचारण्याचे धैर्य मला झाले नाही.

केरळचा घाट लागताच सहकारी म्हणाले, "मावशी, मागे बसा. मला फोटो घ्यायचेत."

"न्हाई सायेब. ऊसतोडीला जाताना ट्रॉलीत मागं तोंड करून लई मुलूख बघितला. गाव दिसंनासं होईस्तवर गावाकडंच बघायचं. औंदा संस्थेच्या पैशानं म्होरं तोंड करून निघालोय."

मागून एक बाई ओरडली, "आवं, दुष्काळात हिनं आमाला येक म्हैस इकू दिली न्हाई, जागा कशाची सोडती!"

सगळ्या हसल्या. पण चहाचे मळे दिसताच अध्यक्षबाई स्वतःहून उठल्या आणि त्याच बाईला त्यांनी पुढे बसवले. मग प्रत्येक थांब्यावर नवी बाई पुढे. सर्वांचे झाल्यावर त्यांनी माझ्या सहकाऱ्यांना हाक मारली, "या सायेब, सभासद नसला तरी नंबर तुमचा बी हाय."

आपल्या जिल्ह्याचा इतका अभिमान मला पूर्वी कधी वाटला नव्हता. माझा नंबर आला, तेव्हा मी तो अध्यक्षबाईंनाच परत दिला. तुम्ही काय केले असते?