आईचा पूर्वपक्ष

मी अंधेरीच्या एका ज्युनिअर कॉलेजात मराठी शिकवते. उपमा, रूपक मुलं घोकून येतात. रसग्रहण गाइडमधून उतरवतात आणि वर 'मॅडम, मार्क कापू नका ना' म्हणतात. माझं डोकं फिरतं ते वैचारिक लेखनाच्या तासाला. दावा म्हणजे काय, आधार म्हणजे काय, इथपर्यंत गाडी बरी चालते. पूर्वपक्ष आला की वाट लागते. एका वर्षी एकीने ठणकावून उत्तर दिलं, "नेता ज्या पक्षातून फुटून आला, तो!" वर्ग फुटला हसून. मीही हसले. बिचारीचं काय चुकलं? रोज बातम्यांत तेच तर बघते.

मग मी फळ्यावर लिहून देते. पूर्वपक्ष म्हणजे समोरच्याचं म्हणणं. ते खोडून काढायच्या आधी आपण स्वतः मांडायचं, आणि असं मांडायचं की त्यालाच वाटावं, हो, हेच म्हणायचं होतं मला. तोवर उत्तरपक्षाला, म्हणजे आपल्या उत्तराला, हात लावायचा नाही. मुलं मान डोलावतात आणि पेपरात सरळ स्वतःचंच घोडं दामटतात.

माझ्या आईला मात्र हे सगळं पाठ होतं. मी नोकरीला नवीन असताना तासाची तयारी तिच्यासमोर करायची. ती मेथी निवडत ऐकायची आणि मध्येच म्हणायची, "हे काही कळलं नाही बाई, पुन्हा सांग." कळल्याशिवाय सोडायची नाही.

गेल्या वर्षी तिचा कॅन्सर उलटला. पहिल्या केमोत तिचे झालेले हाल मी पाहिले होते. तरी डॉक्टर म्हणाले, पुन्हा सुरू करू, काही महिने मिळतील, आणि मी तिथल्या तिथे हो म्हणून टाकलं. सोमवारची तारीखही घेतली. रविवारी आई म्हणाली, "मी नाही येणार."

आमच्या सांताक्रूझच्या घरात धड भांडताही येत नाही. डोक्यावरून विमान गेलं की तोंडातलं वाक्य तोंडातच धरून बसावं लागतं. मी तशीच बसले, आणि आवाज विरल्या विरल्या ओरडले, "अगं, डॉक्टर काय मूर्ख आहेत का?"

"असं मी कुठे म्हटलं?"

"मग तुला जगायचंच नाहीये, असं सरळ म्हण ना!"

आईने माझ्याकडे बघितलं. रागावली नव्हती. "हा दावा तुझा. माझ्या तोंडी घालू नकोस. आधी माझा पूर्वपक्ष मांड."

"आई, हा वर्ग नाहीये."

"मग मास्तरणीसारखी ओरडतेस कशाला? मांड."

मला भयंकर राग आला होता. त्या रागातच सुरुवात केली. तुला उलट्या सोसवत नाहीत. बोटं बधिर होतात, ब्लाउजचे हूकसुद्धा मला लावावे लागतात, याची तुला लाज वाटते. तोंडाची चव जाते. माझ्या रजा संपतात म्हणून तुझा जीव खालीवर होतो. बोलता बोलता माझा आवाज खाली येत गेला. यातलं काहीच मी डॉक्टरांसमोर बोलले नव्हते.

"झालं?" आईने विचारलं.

"झालं."

"मुख्य मुद्दा राहिला."

"कुठला?"

"मला जगायचंय गं. खूप जगायचंय, म्हणून तर नको म्हणतेय. मागच्या वेळचे ते महिने गेले, पण मी त्यात नव्हतेच. आता जे काही उरलंय ना, त्यात मला असायचंय."

वर्षानुवर्षं लोकांच्या मुलांना शिकवते, समोरच्याचं नीट ऐका म्हणून. आणि माझी आई जगण्याबद्दल बोलत होती, तेव्हा मला मरणच ऐकू येत होतं.

"बोल आता," ती म्हणाली. "उत्तरपक्ष?"

"मला तू हवी आहेस," मी म्हटलं.

"हा काही मुद्दा नाही."

"नाहीच आहे. पण माझ्याकडे दुसरं काही नाहीये गं."

मग मला रडू फुटलं. ती माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

सोमवारी सकाळी मी हॉस्पिटलला फोन लावला. पेशंट आज येणार नाही, म्हणून सांगितलं. पलीकडच्या मुलीने सवयीने विचारलं, "बरं, मग पुढची कुठली तारीख देऊ?"

"तारीख नको," मी म्हटलं. फोन ठेवला, स्वयंपाकघरात गेले आणि आईला विचारलं, "आज जेवायला काय करू?"