तेल प्यायलेली भिंत

मी रंगाच्या दुकानात काम करते. शेडकार्डावरचा नंबर कॉम्प्युटरवर टाकायचा, मशीन पांढऱ्या रंगाच्या डब्यात थेंबथेंब रंग सोडतं, मग झाकण ठोकून डबा हलवणाऱ्या यंत्रात ठेवायचा आणि गिऱ्हाइकासमोर उघडून दाखवायचा. काम मला आवडतं. गिऱ्हाइकं सगळी आवडतात असं नाही. घसा कोरडा होईस्तोवर समजावून सांगावं आणि शेवटी माणसानं म्हणावं, "ते ऱ्हाऊ द्या बाई, चमकणारा कुठला हाय त्यो द्या." अशा वेळी डबा त्याच्या डोक्यात घालावासा वाटतो. मी हसून डबा पिशवीत घालते.

खरं तर यात अवघड काही नाही. पाण्यात कालवायचे रंग वेगळे, तेलाचे वेगळे. पाण्यातला सगळ्यात साधा म्हणजे डिस्टेंपर. भाड्याच्या खोलीला, छताला, जिथं फारसा हात लागत नाही तिथं बरा, कारण पाठ टेकली की शर्टाला पांढरी भुकटी लागते. बैठकीच्या खोलीला इमल्शन लावावं, ज्याला आपल्याकडं सगळे प्लास्टिक पेंट म्हणतात. ते ओल्या फडक्यानं पुसता येतं. स्वयंपाकघरात त्यातलंच जरा तुकतुकीत घ्यावं, म्हणजे फोडणीचे डाग निघतात. बाहेरच्या भिंतीला बाहेरचंच इमल्शन लागतं. आतलं स्वस्त पडतं म्हणून बाहेर फासणारे महाभाग पुढच्या दिवाळीला परत दुकानात भांडायला येतात. आणि तेलाचा रंग असतो दारांना, खिडकीच्या गजांना, फाटकाला. जुन्या भिंतीला तो लावू नये. जुनी भिंत जमिनीतली ओल वर ओढते आणि हळूहळू बाहेर सोडते. पाण्यातला चांगला रंग ती वाफ जाऊ देतो. तेलाचा रंग वाट बंद करतो, मग ओल आतल्या बाजूनं घरात येते. एवढंच. दुकानात हे मी रोज सांगते. माझ्या घरात मात्र माझ्या सासऱ्यांनी ते ऐकलं नाही, माझ्या नवऱ्यानं ऐकून सोडून दिलं, आणि भोगलं माझ्या मुलीनं. हे लिहिताना अजून माझ्या डोक्यात तिडीक जाते.

आमचं घर शिवाजी पेठेत, दगड-विटांचं, चुन्यात बांधलेलं. खाली दोन खोल्या, वर माळा. बाहेरच्या खोलीची एक भिंत सबंध गल्लीला दिसते. तालमीचं मंडळ आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर; आमच्याकडं कुस्तीच्या तालमींचे फुटबॉल संघही असतात. सासरे तरुणपणी मंडळाच्या फुटबॉल संघाचे गोलकीपर होते, आणि आता गुडघे गेले तरी मॅच असली की काठी घेऊन मैदानावर हजर. संघाचा रंग जांभळा, मधे पांढरा पट्टा. त्या वर्षी संघानं मोठी स्पर्धा मारली. गुलालानं गल्ली भरली, मिरवणूक आमच्या दारात थांबली, पोरांनी सासऱ्यांना खांद्यावर घेतलं, आणि खांद्यावर बसूनच त्यांनी जाहीर केलं की आपली भिंत आता तालमीच्या रंगात.

माझं काही म्हणणं नव्हतं. उलट मला आनंद झाला. मी दुकानात बसून तो जांभळा जमवला, जर्सीचा तुकडा शेजारी धरून, दोनदा चुकून तिसऱ्यांदा. बाहेरच्या भिंतीचं चांगल्यातलं इमल्शन, खाली लावायला प्रायमर, सगळं घेऊन घरी आले. सासऱ्यांनी झाकण उघडलं, बोट बुडवलं, अंगठ्यानं चोळलं आणि तोंड वाकडं केलं.

"ह्यो तर पाण्याचा हाय."

"मामा, बाहेरच्या भिंतीला हाच लागतो."

"अगं, पैलवानाला तेल चोळत्यात का पाणी? अंगात तेल मुरलं की अंग टणक हुतंय. भिंतीचंबी तसंच हाय की. ती जुनी हाय, तिला तेल पाज."

मला वाटलं, चेष्टा करताहेत. चेष्टा नव्हती. जन्म तालमीत गेलेल्या माणसाला ही गोष्ट इतकी उघड वाटत होती, की मी काय बोलतेय हेच त्यांना कळेना. दुसऱ्या दिवशी त्यांनी दुसऱ्याच दुकानातून तेलाचा रंग आणला, त्यात वरून जवसाचं तेल ओतलं, आणि मंडळाच्या पोरांना घेऊन दुपारभर भिंतीला पाजलं. मालिश केल्यासारखं खालून वर, खालून वर. मी नवऱ्याला म्हटलं, "अहो, तुम्ही तरी सांगा." नवरा म्हणाला, "म्हाताऱ्याची हौस हाय, जरा दमानं घे की." हे वाक्य माझ्या संसारात मी जितक्यांदा ऐकलंय, तितक्यांदा कुणी माझं नावही घेतलं नसेल.

भिंत चमकली यात शंका नाही. अख्खी पेठ बघून गेली. माणसं थांबून फोटो काढायची, सासरे बाहेर खुर्ची टाकून बसायचे आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे, "तेल पाजलंय, तेल. पिढ्या जातील." माझा इमल्शनचा डबा माळ्यावर पडून राहिला.

पावसाळा सरता सरता आतल्या बाजूला पहिला फुगा आला. मग त्याच्या शेजारी दुसरा. बोटानं दाबला की रंगाचा पापुद्रा फुटायचा आणि आतून ओलसर माती सांडायची. त्याच भिंतीला लागून माझ्या लेकीचा पलंग. तिला खोकला लागला. आधी सर्दीचा म्हणून काढा झाला, मग हळदीचं दूध झालं, मग कुणी म्हणालं दृष्ट लागली, म्हणून मीठमोहऱ्याही ओवाळून झाल्या. फुग्यांच्या जागी काळे ठिपके उठले. मी दर आठवड्याला पुसायचे, ते दर आठवड्याला परत यायचे.

डॉक्टरांनी छाती तपासली आणि पहिलाच प्रश्न केला, "घरात ओल आहे का?" मी भिंतीचं सांगितलं. ते म्हणाले, बुरशीनं तिचा दमा वाढतोय, औषध देतो, पण त्या खोलीत झोपवू नका, आणि ओल घालवा. दुसरी खोली म्हणजे स्वयंपाकघर. तिथं फोडणीचा ठसका. माळ्यावर पत्रा तापतो. कुठं झोपवणार?

घरी येऊन मी सगळ्यांसमोर शांतपणे सांगितलं. बाहेरचा तेलाचा रंग काढावा लागेल. भिंत सुकू द्यावी लागेल. मग पाण्यातला रंग लावू, हाच जांभळा, हाच पट्टा, काही बदलणार नाही. सासरे म्हणाले, "मी ह्याच घरात लहानाचा मोठा झालो. मला कधी दम लागला? रंगानं कुणाचा दम जातोय व्हय?" मी म्हटलं, "मामा, तेव्हा भिंतीला चुना होता." ते उठून बाहेर खुर्चीवर जाऊन बसले. पालथ्या घड्यावर पाणी.

नवऱ्यानं मग त्याच्या परीनं तोड काढली. माळ्यावरचं माझं इमल्शन काढलं आणि मला न विचारता, रविवारी, त्या गुळगुळीत तेलाच्या रंगावर सरळ फासलं. न घासता! मी दुकानात होते. संध्याकाळी येऊन बघितलं तर हे हाताचा रंग पुसत खुशीत उभे. "झालं न्हवं तुझ्या मनासारखं?" तेलावर पाण्याचा रंग धरत नाही, हे नवऱ्याला नाही तर नाही, पण रोज रंगच विकणाऱ्या बायकोला माहीत असेल, एवढं तरी वाटायला नको? उन्हाळ्यात त्याची सालं निघाली. गल्लीतली पोरं नखानं ओढून लांबच्या लांब पट्ट्या काढायची. सासऱ्यांनी विजयानं माझ्याकडं बघितलं. "बघितलंस? तुझ्या पाण्यात दम न्हाय."

त्यानंतर नवऱ्यानं आतून प्लास्टिकच्या पट्ट्यांचं पॅनेल ठोकून घेतलं, लाकडासारखं दिसणारं. काळे ठिपके दिसायचे बंद झाले. वरून कीर्तन, आतून तमाशा. पाहुणे आले की म्हणायचे, खोली अगदी हॉटेलसारखी झाली. लेक पॅनेलकडं तोंड करून झोपायची आणि तिची छाती शिट्टी वाजवायची. मी परत सांगितलं. परत. परत. स्वयंपाक करताना, भाकरी वाढताना, लेकीच्या दम्याच्या पंपाचं औषध संपलं की. माझा आवाज कधी चढला नाही. सुनेचा आवाज गल्लीत जाऊ नये, असं मला माहेरी शिकवलं होतं, आणि मी मूर्खासारखी ते पाळत होते.

लेकीला फुटबॉलचं वेड. आजोबांचंच रक्त. तिला गोलकीपर व्हायचं होतं. शाळेत मुलींचा संघ निघाला, तेव्हा तिनं सगळ्यात आधी आजोबांना सांगितलं. त्यांनी तिला हातमोजे आणून दिले, गल्लीत उभं करून स्वतः खुर्चीवरून चेंडू फेकायचे. थोड्या वेळानं ती वाकून गुडघ्यावर हात ठेवायची, खांदे वर-खाली व्हायचे, ओठ पांढरे पडायचे. शाळेच्या सरांनी तिला संघातून काढलं. म्हणाले, तब्येत सुधारली की परत ये. त्या संध्याकाळी सासरे शेजाऱ्याला सांगत होते, "पोरीचा हात झ्याक हाय, पन दम न्हाय. पोरीच्या जातीत दम नसतोय." मी दारात तांदूळ निवडत होते. ताट खाली ठेवलं. स्वतः तिचा श्वास कोंडायचा आणि वर तिच्याच जातीवर बोट ठेवायचं.

पुढच्या उन्हाळ्यात एका दुपारी तिला जो दम लागला तो पंपानं थांबेना. रिक्षात ती माझ्या मांडीवर बसली होती आणि "आई" म्हणायला तिला दोन श्वास लागत होते. दवाखान्यात वाफेचं औषध लावलं, तोंडावर तो मास्क, त्याच्यावरून माझ्याकडं बघणारे डोळे. हळूहळू उतार पडला. डॉक्टरांनी नवऱ्याला बाजूला घेऊन जे सांगितलं, ते ऐकून नवऱ्याचा चेहरा उतरला. मी त्याच्याकडं बघितलंही नाही. लेकीला माझ्या बहिणीकडं सोडलं आणि घरी आले.

घरात शिरून पहिलं पॅनेल उचकटलं. मागं भिंत नव्हतीच, काळं केसाळ काहीतरी होतं, ओल्या गाद्यांसारख्या कुबट वासाचं. नवरा दारात उभा राहून नुसता बघत होता. मी पत्र्याची पट्टी घेतली, जी आम्ही दुकानात जुना रंग खरवडायला विकतो, आणि गल्लीत गेले. सासरे खुर्चीत होते. मी त्यांच्या शेजारी उभी राहून भिंतीला पट्टी लावली आणि जोर केला. जांभळं साल निघालं, त्याच्याबरोबर गिलाव्याचं ओलं ढेकूळ. ढेकूळ हातात पिळलं तर बोटांमधून पाणी आलं. ऐन उन्हाळ्यात.

मंडळाची पोरं धावत आली.

"वहिनी, काय चाललंय ह्ये? तालमीचा रंग हाय त्यो!"

"तालमीचा आहे ना? मग तालीम उचलेल का माझ्या पोरीला दवाखान्यात?"

"आवं, पन उद्या मॅच हाय. लोक काय म्हनतील?"

"म्हणू देत. या, तुम्ही पण पट्टी घ्या. पाजताना सगळे होता, काढायला पण या."

कुणी पुढं आलं नाही. मी खरवडत राहिले. दंड भरून आले, डोळ्यांत माती गेली, नखं फुटली. थोड्या वेळानं शेजारून दुसऱ्या पट्टीचा आवाज आला. नवरा होता. मी त्याला शाबासकी दिली नाही. दोन वर्षं उशिरा आलेल्या माणसाला कसली शाबासकी?

सासरे बसून होते. त्यांनी अडवलं नाही. एकदा उठून त्यांनी उघड्या विटांवर तळवा टेकवला, तो ओला झाला, आणि ते धोतराला पुसून परत बसले. त्या दिवशी ते जेवले नाहीत. मला त्यांची दया आली का, असं बहिणीनं नंतर विचारलं. नाही आली. खरं सांगते.

भिंत सगळा उन्हाळा उघडी ठेवली. संघ हरला, आणि गल्लीतल्या काही शहाण्यांनी त्याचं खापर माझ्यावर फोडलं. फोडू देत. भिंत वाळली, नवा गिलावा झाला, त्याला पाणी मारून झालं, तोही सुकला. मग पाण्यातला प्रायमर आणि बाहेरचं इमल्शन, साधं पांढरं. जांभळा मी लावू दिला नाही. लेक बहिणीकडून परत आली, आपल्या पलंगावर झोपली, आणि पुढच्या पावसाळ्यात पंप कपाटात पडून राहिला.

शाळेनं तिला संघात परत घेतलं, त्या दिवशी सासरे माझ्याजवळ स्वयंपाकघराच्या दारात आले. आजवर ते कधी तिथं येऊन उभे राहिले नव्हते. काठी चाचपत चौकटीला टेकले. मग म्हणाले, "पोरीला आता दम लागत न्हाय, न्हवं?"

"नाही."

"मग ते... माझ्या रंगामुळंच हुतं म्हन की."

त्यांचा आवाज पडला होता. एखादी समंजस सून म्हणाली असती, असू दे मामा, तुम्ही काय मुद्दाम केलंत का. माझ्या ओठावरही ते आलं होतं.

"होय, मामा," मी म्हटलं, "तुमच्याच रंगामुळं." आणि मोठ्यानं म्हटलं, गल्लीत ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. हळू आवाजात मी दोन वर्षं सांगत होते.