आईच्या माहेरचं आडनाव

कोल्हापुरात कुणी चक्कर येऊन पडला, तरी त्याला आधी "कुनाचा रं तू?" विचारतील आणि मग पाणी पाजतील. मी फार वाढवून सांगत नाही. शाहूपुरीत एका कॉम्प्युटर क्लासमध्ये मी शिकवायला होते. मुलांना घेऊन येणारे बाप क्लासच्या वेळा विचारायच्या आधी मला विचारायचे, "मॅडम, तुमी कुनाच्या?" आडनाव सांगितलं की थोडं थांबायचे. आमच्या भागात एकच आडनाव चार जातींत चालतं, त्यामुळं नुसत्या आडनावावर भागत नाही. मग पुढचा प्रश्न यायचा, "आईचं म्हायेर कुठलं? मामांचं आडनाव काय?" एवढं कळलं की माणसाचा सातबारा हातात आला. मग समोरचा चेहरा एक तर सैल पडतो, नाहीतर आवळतो. मी दोन्ही चेहरे लहानपणापासून पाहत आले आहे. त्यातला कुठला मला जास्त वेळा पाहावा लागला, ते मी सांगणार नाही.

नव्वदच्या दशकात आमच्या घरी फोन नव्हता. माझ्यासाठी आलेला फोन गल्लीच्या तोंडाशी असलेल्या किराणा दुकानात यायचा आणि दुकानदार तिथूनच ओरडायचा, "तुझ्या मैत्रिणीचा फोन हाय गं! नोकरीचं काय झालं इचारतीया!" मी धावत पोचेपर्यंत निम्म्या गल्लीला माझ्या नोकरीची काळजी लागलेली असायची. मी फोनवर बोलत असताना साखर घ्यायला आलेल्या बायका साखर घेऊनही थांबायच्या. संध्याकाळी त्यातली एखादी आईला सांगायची की पोरगी लांब नोकरीचं बघतेय, सांभाळा. ह्या सगळ्याला आमच्याकडं आपुलकी म्हणतात. असेलही. पण मला ह्या आपुलकीचा अगदी वीट आला होता.

म्हणून नव्या शतकाच्या सुरुवातीला कोल्हापुरात सायबर कॅफे निघाले, तेव्हा प्लायवूडच्या त्या अरुंद कप्प्यात बसून मला जे वाटलं, ते कुठल्या मोकळ्या माळावरही कधी वाटलं नव्हतं. तिथं मला एक मराठी ग्रुप सापडला. ई-मेलवर चालायचा. विषय एकच, इंटरनेटवर आपली खासगी गोष्ट खासगी कशी ठेवायची. पासवर्ड कसा असावा, कॅफेतल्या मशीनवर आपल्या खुणा कशा पुसाव्यात, आपलं पत्र तिसऱ्यानं वाचू नये म्हणून काय करावं. ग्रुपचा पहिला नियम होता की खरं नाव लिहायचं नाही. दुसरा नियम, दुसऱ्याचं विचारायचं नाही. मी तो दुसरा नियम वाचला आणि खरंच सांगते, डोळ्यांत पाणी आलं.

मी तिथं जीव ओतून लिहायची. कॅफेतून उठण्याआधी काय काय पुसावं, ह्यावर मी लिहिलेलं टिपण लोक एकमेकांना पाठवायचे. आमच्याकडं बायकाही 'मी येतो, मी जातो' असं बोलतात, आणि मी बोलते तसंच लिहायची. त्यामुळं सगळे मला 'भावा' म्हणायचे. मी कधी दुरुस्त केलं नाही. माझं म्हणणं पटलं तर पटलं, नाही पटलं तर नाही, पण त्यासाठी माझे मामा कुणाला लागत नव्हते.

आता ग्रुप म्हणजे काही देव्हारा नव्हता. पासवर्ड किती लांब असावा, ह्यावर सुरू झालेली चर्चा तिसऱ्या उत्तरापर्यंत मिसळीत बटाटा घालावा का ह्यावर जायची. तिथून पुणेकरांचा उद्धार, तिथून राखीव जागा, आणि राखीव जागा आल्या की पासवर्ड मेलाच. मग आमचा विनोदवीर उठायचा. कबनूरचा होता, एवढं त्याच्याच लिहिण्यातून कळलेलं. रोज एका समाजाचा नंबर लागायचा. आज ह्यांच्या खाण्यावर, उद्या त्यांच्या अंगाच्या वासावर, परवा आणखी कुणाच्या बायकांवर. खाली हसणाऱ्यांची रांग.

मी काही सोवळ्यातली नाही. शिव्या ऐकतच वाढले आणि वेळ आली की घालतेही. पण शिवी तोंडावर घालायची असते आणि घालणाऱ्याला उलट खावी लागते. टोपणनावाच्या आडून, समोर नसलेल्या माणसांवर मारलेली ही थुंकी होती. तरी मी गप्प बसायची, कारण जागा मला प्यारी होती. तांदळात खडे असले म्हणून कुणी भात टाकून देत नाही, अशी स्वतःची समजूत घालायची.

मग एक दिवस एका मुलीनं प्रश्न विचारला. आपण मुलगी आहोत हे सांगून विचारणारी ती ग्रुपवरची पहिलीच. तिचं म्हणणं साधं होतं. तिच्या ई-मेलचं खातं भावानं उघडून दिलेलं. तिनं बाहेरगावी नोकरीसाठी अर्ज केला होता आणि मुलाखतीचं पत्र त्याच खात्यावर येणार होतं. भाऊ तिची पत्रं वाचायचा, आणि हे पत्र त्याला आधी दिसलं तर तो पुसून टाकणार, ह्याची तिला खात्री होती. तिनं पासवर्ड दोनदा बदलला, तरी तो आत शिरत होता. कसा, ते तिला कळत नव्हतं. हा प्रश्नही ती मैत्रिणीच्या खात्यावरून विचारत होती.

ग्रुपच्या जन्मापासून इतका रास्त प्रश्न कुणी विचारला नव्हता. आणि झालं काय? तिनं ओघात 'आमच्यात मुलींना लांब पाठवत नाहीत' असं लिहिलेलं. तेवढ्यावरून विनोदवीरानं तिचा समाज ताडला. मग 'त्यांच्यातल्या पोरी' ह्या विषयावर जे सुरू झालं, ते मी इथं लिहिणार नाही. कुणी म्हणालं ती त्या समाजाची नसून दुसऱ्याच समाजाची आहे, की त्या दुसऱ्यावर सुरू झालं. दोन गटांत भांडण जुंपलं ते त्यावरून. तिच्या पासवर्डबद्दल एकानंही एक अक्षर लिहिलं नाही. दुसऱ्या दिवशी ती ग्रुप सोडून गेली.

मी पेटले. लिहिलं की लाज वाटत असेल तर सगळ्यांनी तिची माफी मागा, आणि लाज वाटत नसेल तर निदान ग्रुपचे नियम काढून टाका. उत्तर लगेच आलं, "भावाला झोंबलं वाटतं. तू पण त्यांच्यातलाच काय रे? आडनाव सांग!" खाली पुन्हा तीच रांग: आडनाव सांग, आडनाव सांग. ज्यांनी नाव न विचारण्याचा नियम केला, तीच ही माणसं. दुखणं ज्याचं त्यानंच ओरडायचं, बाकीच्यांनी ओरडलं तर त्यांच्या रक्ताची तपासणी, हा कुठला न्याय?

मला मात्र वेगळीच घाई होती. तिचा भाऊ आत कसा शिरतो, ते माझ्या लक्षात आलं होतं. पण ती ग्रुपवर नव्हती आणि तिच्या मैत्रिणीचा पत्ता फक्त ग्रुप चालवणाऱ्याला दिसत होता. मी त्याला लिहिलं की मला पत्ता नको, माझं उत्तर तेवढं तिकडं पाठव. तो म्हणाला, पाठवतो, पण तू कोण ते मला तरी कळू दे. नाहीतर लोक म्हणतील मी अमक्यांची बाजू घेतली. रविवारी आम्ही काही जण पन्हाळ्यावर भेटतोय, तिथं ये. मुलाखतीचं पत्र कुठल्याही दिवशी येणार होतं. मी गेले.

ओळख पटण्यासाठी सगळ्यांनी वर्तमानपत्र उलटं धरायचं ठरलेलं. पाच बापये झुणका-भाकरीच्या टपरीवर उलटी वर्तमानपत्रं धरून बसलेले, आणि सहलीला आलेली माणसं त्यांच्याकडं वळून वळून बघत होती. मीही पिशवीतून वर्तमानपत्र काढलं आणि उलटं धरलं. पाचही जण उठून उभे राहिले. 'भावा'ची 'ताई' व्हायला एक क्षणही लागला नाही. विनोदवीर त्यातला सगळ्यात सभ्य निघाला. इस्त्रीचा शर्ट, मऊ आवाज, घरचे यंत्रमाग. त्यानं स्वतःची खुर्ची मला दिली आणि ती आधी रुमालानं पुसली.

भाकरी येईपर्यंत ग्रुप चालवणाऱ्यानं विनोदवीराला विचारलं, "मग पावणं, कबनूरला कुनाच्यात म्हणायचं तुमी?"

झालं. विनोदवीरानं आडनाव सांगितलं. "मग आईचं म्हायेर?" त्यानं गाव सांगितलं, मामांचं आडनाव सांगितलं. "आयला, त्या गावात आमच्या आत्याला दिलीया की!" मग तिसऱ्याच्या आईचं माहेर निघालं, मग चौथ्याच्या. टाळ्या देणं चाललं होतं. महिनोन्‌महिने पासवर्डात आकडे किती आणि चिन्हं किती ह्यावर डोकं फोडणारी ही माणसं, गरम भाकरीच्या आधी एकमेकांचे पाहुणे झाली. कुणालाच आपलं काही चुकलं असं वाटलं नाही. चहा घेतल्याइतकं ते साधं होतं.

मग सगळे माझ्याकडं वळले. "आनि ताई, तुमी कुनाच्या?"

"ग्रुपच्या नियमाप्रमानं कुनाचीच न्हाय," मी म्हटलं.

सगळे हसले. विनोदवीर पुढं झुकला आणि अगदी मायेनं म्हणाला, "तसं न्हवं ताई. सांगून टाका की. म्हंजे तुमच्यासमोर कुनावर बोलायचं न्हाय, ते आमाला कळंल."

त्याच्या मनात काही वाईट नव्हतं, आणि त्यामुळंच माझी तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे माझ्यासमोर एका समाजाला माफी, आणि मी उठले की त्याच्यावरही बोलायला हे मोकळे!

मी विचारलं, "तुमच्या मेलचा गुप्त प्रश्न कंचा हाय? पासवर्ड इसरला तर इचारत्यात त्यो."

"आईच्या म्हायेरचं आडनाव," तो म्हणाला. "समद्यांचा त्योच असतोय."

"मग ते आत्ता ह्या टपरीवर समद्यांनी ऐकलं की."

भाकरी वाढायला आलेल्या मावशी म्हणाल्या, "व्हय, म्या बी ऐकलं."

"त्या पोरीच्या भावानं कायबी फोडल्यालं न्हाय," मी म्हटलं. "त्यो नुसता पासवर्ड इसरलो म्हनतोय आन् आईच्या म्हायेरचं आडनाव घालतोय. सख्खा भाऊ त्यो, त्याला न्हाय ठावं तर कुनाला? तिनं धा येळा पासवर्ड बदलला तरी त्यो धा येळा आत येनार. एवढं तिला सांगायचं हुतं. तुमी तिला हसलासा."

"मस्करी हुती ओ ताई," विनोदवीर खाली बघत म्हणाला.

"मग सांगा की हितं, मावशींसमोर. त्याबी हसतील."

मावशी खरंच थांबल्या. त्यानं तांब्या उचलला आणि बराच वेळ पाणी पीत राहिला.

ग्रुप चालवणारा म्हणाला, "पाठवतो तुमचं उत्तर. आजच पाठवतो. पर लोकं मला इचारतील, कोन हाय ती म्हणून."

"सांगा, सांगत न्हाय म्हणावं. लईच इचारलं तर आडनाव लोणचं हाय म्हणून सांगा."

मी माझी भाकरी शांतपणे संपवली. ठेचा फर्मास होता. उठताना कुणी मामांचा विषय काढला नाही.

त्यानं शब्द पाळला. माझं उत्तर चार ओळींचं होतं. गुप्त प्रश्न बदलता येत नसेल तर राहू दे, उत्तर बदल. कुणी सांगितलंय खरं उत्तर द्यायचं? मशीनला तुझे मामा ओळखायचे नाहीत. लोणचं लिही, पायताण लिही, तुला आठवेल ते लिही, पण खरं लिहू नकोस.

ग्रुपवर इकडं माझ्या जातीवर पैजा लागल्या. पाच जणांनी मला डोळ्यांनी बघितलं होतं, तरी पाचांचा अंदाज पाच तऱ्हांचा. माझी भाषा, माझा रंग, मी भाकरी कशी मोडली, सगळं काढून झालं. मी ग्रुप सोडला नाही. विनोदवीरानं पुन्हा कुणाचा नंबर लावला की मी खाली एवढंच लिहायची, "हे मावशींसमोर सांगा." बाकीच्यांना कळायचं नाही, त्याला कळायचं. त्याचे विनोद थांबले नाहीत, पण कमी झाले. मला पूर्ण यश मिळालं असं मी म्हणणार नाही. गप्प मात्र मी पुन्हा बसले नाही, आणि आडनाव सांगितलं नाही. इथंही सांगितलेलं नाही. वाचता वाचता तुम्ही शोधलं असेल, तर का शोधलं, ते तुम्हीच स्वतःला विचारा.

पुढं पावसाळा सरल्यावर एका नव्या पत्त्यावरून मला मेल आली. खाली नाव नव्हतं. मुलाखतीचं पत्र तिनंच आधी वाचलं होतं, नोकरी लागली होती, आणि ती जिथं गेली होती तिथल्या गावाचं नावही तिनं लिहिलं नव्हतं. शाबास, मी मनात म्हटलं. शेवटी लिहिलं होतं, "तुम्ही कोण ते मी विचारत नाही. एवढंच कळवते की माझ्या आईच्या माहेरचं आडनाव म्हणून मी आता जे लिहिलंय, ते आईलासुद्धा माहीत नाही."