मिल्टनचं 'या मिस्मो'
रिओबांबा शहरातल्या आमच्या बस सहकारी संस्थेत मिल्टन ग्वामान संगणक सांभाळतो. सांभाळतो म्हणजे बोलावलं की येतो. आणि येण्याआधी "या मिस्मो" म्हणतो. यातला 'या' स्पॅनिश, पाहुण्यांना म्हणतात तो नव्हे. अर्थ 'आत्ताच', पण आमच्याकडचं आत्ताच म्हणजे अर्ध्या तासाने, जेवण झाल्यावर किंवा उद्या. त्यात कुणाला फसल्यासारखं वाटत नाही. आमचा काळ चिंबोराझोच्या शिखरासारखा आहे. खिडकीतून हातभर अंतरावर दिसतो, निघालं की लांबत जातो.

कार्निव्हलच्या गर्दीत एकच सीट दोघांना विकली जाऊ लागली. माझ्या सामानाच्या काउंटरसमोरच ग्वायाकिलच्या दोन बायका जुंपल्या.

"सीट माझी आहे."

"मग मी काय तिकीट घरी छापलं?"

प्रत्येक जोडीतलं एक तिकीट तार्खेलियाच्या तिकीट-खिडकीवरचं निघे. मॅनेजर आब्दोन साहेबांनी मिल्टनला विचारलं, तेव्हा तो न बघताच म्हणाला, "यंत्र ठीक आहे. बोटं चुकतायत." झालं! शनिवारच्या सभेत तार्खेलियाची बदली ठरणार होती: टर्मिनलच्या संडासाच्या दारात, पुसायचा कागद वाटायला. सतरा वर्षं तिकिटं विकलेली बाई.

शुक्रवारी तिने मिल्टनला गाठलं.

"माझ्यासमोर बसून बघ."

"या मिस्मो, तार्खेलिया."

"तुझं या मिस्मो मला संडासात पोचवणार आहे. बस इथे!"

तो बसला. तिने एक सीट विकली. त्याने शेजारच्या खिडकीवर जाऊन तीच सीटांची यादी उघडली, तर सीट अजून रिकामी! मिल्टनने यादी पुन्हा उघडून पाहिली. मग एकदम हसत सुटला.

"अगं, तुझं यंत्रसुद्धा या मिस्मो म्हणतंय!"

"यंत्रांच्या नव्हे, माणसांच्या भाषेत सांग," असं ती म्हणाली नाही. तिने नुसत्या भुवया उंचावल्या. त्याने मला आणि तिला समजावलं. मागच्या खोलीत लिनक्सचा सर्व्हर, त्याच्यावर सीटांची फाइल. खिडक्यांवर विंडोजची यंत्रं. सकाळी जे यंत्र फाइल पहिल्यांदा उघडतं, त्याला सर्व्हर सवलत देतो: तू एकटाच आहेस, लिहिलेलं स्वतःजवळ ठेव, सावकाश परत दे. दुसरं यंत्र आलं की सर्व्हर पहिल्याला हाक मारतो, आण इकडे. पण आपली वायर जुनी, हाक उशिरा पोचते. पहिलं म्हणतं, या मिस्मो. तोवर दुसऱ्याने तीच सीट विकलेली असते.

"पण दरवेळी हिचंच यंत्र का?" मी विचारलं.

"कारण पहिली फाइल मी उघडते," तार्खेलिया म्हणाली. "इथे वेळेवर येणारं दुसरं कोण आहे?"

मिल्टनने सर्व खिडक्यांवरचे प्रोग्रॅम बंद करायला लावले आणि सीटांच्या फोल्डरपुरती ती सवलत काढून टाकली. आता कुणी काही जवळ ठेवायचं नाही. विकलं की थेट सर्व्हरवर लिहायचं, तेवढा वेळ बाकीच्यांनी थांबायचं.

एवढ्यात आब्दोन साहेब आले. "काय चाललंय?"

'दुरुस्ती' एवढं म्हणून मिल्टनला सुटता आलं असतं. तो घुटमळला. तार्खेलिया त्याच्याकडे बघतसुद्धा नव्हती.

"सर्व्हर मी बसवला, साहेब. ती सवलत तेव्हाच बंद करायला हवी होती. हिची बोटं चुकली नाहीत."

"हे इथल्या इथे नको सांगू," तार्खेलिया म्हणाली. "उद्या सभेत सांग. सगळ्या ड्रायव्हरांसमोर."

त्याने सांगितलं. कान लाल होईपर्यंत ड्रायव्हर त्याला हसले. तार्खेलिया हसली नाही. सभा संपायच्या आत उठून खिडकीवर गेली.

तिकिटं आता जरा हळू निघतात. रांग कुरकुरते, "एका तिकिटाला एवढा वेळ?"

"सीट एकट्याला हवी ना, दादा?" ती मान वर न करता म्हणते. "मग थांबा."