ग्लोव्हजचा तिसरा खण

किसननं उजवा हात टेबलावर ठेवला आणि मी हातातली कात्री खाली ठेवली. तर्जनी वांग्यासारखी काळीनिळी सुजली होती. लाल रेघ कोपराकडं चढत होती. किसन आमच्या तालुक्याच्या सरकारी दवाखान्यातला सफाई कामगार, मी तिथली सिस्टर. चार दिवसांपूर्वी त्यानं पीएम केलं होतं. पीएम म्हणजे पोस्टमॉर्टेम. कागदावर ते डॉक्टर करतात. प्रत्यक्षात डॉक्टर बाजूला उभं राहून सांगतात आणि चिरफाड सफाई कामगार करतो.

"ग्लोव्हज घातले नव्हतेस का रे?" मी खेकसले.

"घातले की, सिस्टर. तुमीच दिल्ते. बोटाला भोक होतं."

एखादा नजरचुकीनं गेला असेल, असं मी म्हणाले.

"न्हाई," तो शांतपणे म्हणाला. "मला कायम फुटकेच येतेत."

मला राग आला. स्टोअर माझ्याकडं होतं. बाहेर मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतरावरून गावं धुमसत होती, पण माझ्याकडं दुजाभाव नाही, हे मी चारचौघांत ठासून सांगायचे. रजिस्टरमध्ये प्रत्येकाला एक जोडी. त्याला दाखवावं म्हणून कपाट उघडलं आणि माझी नजर तिसऱ्या खणावर थांबली.

तेव्हा ग्लोव्हज धुऊन, पावडर लावून पुन्हा वापरायचे. पहिल्या खणात नवे, ऑपरेशनला. दुसऱ्यात ठिगळ लावलेले, बाळंतपणाला. तिसऱ्यात ठिगळाच्याही पलीकडचे. त्यावर 'पीएम' अशी चिठ्ठी, माझ्याच अक्षरातली. ग्लोव्हज पेशंटला जंतू लागू नयेत म्हणून, असं आम्ही शिकलेलो. मेलेल्याला काय लागणार? आतल्या हाताचा विचार इतक्या वर्षांत एकदाही मनात आला नव्हता. मला माझीच लाज वाटली.

किसनला जीपनं परभणीला पाठवलं. जीव वाचला, बोट काढावं लागलं.

डॉक्टरसाहेब म्हणाले, "रिपोर्टमध्ये लिहा, सांगूनही ग्लोव्हज घातले नाहीत."

तसं लिहिलं असतं तर किसनची नोकरीही गेली असती. मी लिहिलं, फुटके ग्लोव्हज मी दिले. मला मेमो आला. तिसरा खण मी त्याच दिवशी रिकामा केला.

दोन महिन्यांनी किसन कामावर आला. मी त्याला पहिल्या खणातली कोरी जोडी दिली. त्यानं ती चढवली. एक बोट रिकामंच लोंबत राहिलं.

"आता एवढ्या बोटाला भोक असलं तरी चालतंय की, सिस्टर," तो म्हणाला.

सहीसाठी रजिस्टर पुढं करायचं मला धाडस झालं नाही. सगळ्यांच्या नावापुढं एक-एक जोडी लिहिली की न्याय झाला, असं मी समजत होते. कुणाला कोणती, हा रकानाच त्यात नव्हता.