वनाभाऊंची स्वच्छ प्रुफं

वनाभाऊ जळगावच्या एका छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवायचे. मी मराठीत एम.ए. होऊन तिथेच प्रुफं तपासत होतो. आमच्यात वीस वर्षांचं अंतर. तरी दुपारचा डबा एकत्र खायचो. त्यांना दुसरं कुणी नव्हतं.

ते चोपड्याकडचे. तिकडे गळ्याला गाठ असण्याचं कुणाला नवल नव्हतं. त्यांच्या गाठीत कॅन्सर निघाला. मुंबईत थायरॉइड ग्रंथी काढली आणि तिची उणीव भरणारी रोजची गोळी मागे लागली.

१९९१च्या उन्हाळ्यात रक्ततपासणी होती. थायरोग्लोब्युलिन नावाचं प्रथिन फक्त त्या ग्रंथीच्या पेशी तयार करतात. ग्रंथीच काढल्यावर ते रक्तात सापडलं, तर रोग कुठेतरी उरला आहे. पण गोळी चालू असली की उरलेल्या पेशी गप्प बसतात आणि ते रक्तात दिसत नाही. म्हणून सहा आठवडे गोळी बंद.

चौथ्या आठवड्यात त्यांचा चेहरा सुजला, बोटं जड झाली. आखाजीच्या मुहूर्तावरच्या लग्नपत्रिकांची घाई. प्रुफात ओळीओळीला चुका. एकदा वधूच्या जागी वर.

"वनाभाऊ, झोपा काढायच्या तर घरी काढा," मालक म्हणाले.

"गळा कापलाय शेठ, हात नाही."

सगळे हसले. मीही.

दहा-बारा दिवसांत प्रुफं स्वच्छ येऊ लागली.

"बरं वाटतंय, भाऊ?" मी विचारलं.

"बठ्ठं बरं शे."

तपासणीचा आकडा जवळजवळ शून्य आला. मी शेवभाजी आणली. ते मान खाली घालून जेवले.

पुढच्या वर्षी खोकला सुरू झाला, म्हणून मी त्यांना मुंबईला नेलं. दोन्ही फुप्फुसांवर डाग. या वेळी आकडा शेकड्यांत होता.

"मागच्या वेळी गोळी बंद होती ना?" डॉक्टरांनी विचारलं.

वनाभाऊ माझ्याकडे न बघता म्हणाले, "नव्हती."

परतीच्या गाडीत भुसावळकडचे लोक पत्ते खेळत होते. वनाभाऊ खिडकीबाहेर बघत म्हणाले,

"शेठनं काढून टाकलं असतं तर? दिनभर खोलीमा येकला काय करतू मी?"

दुसऱ्या दिवशी मी छापखान्यात गेल्या वर्षीची, तपासणीच्या आधीच्या आठवड्याची प्रुफं काढली. लाल शाईची एकही खूण नव्हती. गोळी बंद असताना त्या बोटांना इतकं अचूक जुळवणं जमलंच नसतं.

प्रत्येक प्रुफाखाली माझी सही होती.